काळ्या तिळांचा दहीभात

आई, आज तुझी फार आठवण आली आणि या वेळी रडू नाही, हसू आलं. काल शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी जिंकले. तुझ्याच युक्तीने जिंकले, म्हणून आधी तुलाच सांगते.

गेल्या आठवड्यात बिल्डिंगमधल्या काही पोरांना उलट्या सुरू झाल्या. त्याच सकाळी कुणाला तरी पार्किंगच्या कठड्यावर कागदी प्लेटमध्ये दहीभात आणि वर काळे तीळ दिसले. फोटो आमच्या मराठी ग्रुपवर पडला आणि दुपारपर्यंत त्या भाताची करणी झाली. भात ठेवला होता वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. त्या मुलाकडे राहतात, शाळेतून आलेली आमची पोरं दुपारी सांभाळतात. नवऱ्याची तिथी होती, पितृपक्षातला कावळ्याचा घास होता तो, आणि इथला कावळा काही शिवायला आला नाही. घरी पितरांची पानं वाढताना जन्मभर बघितलेली आम्ही माणसं, पण परदेशात भीती वाटली की पंचांग कुणाला आठवतं? काकू लिफ्टमध्ये शिरल्या की बायका बाहेर पडायला लागल्या.

काल सगळे पार्किंगमध्ये जमले. काकू खांबाला टेकून उभ्या, मुलाची मान खाली. एक गृहस्थ म्हणाले, "इथे ब्लॅक मॅजिक म्हणजे सीरियस क्राइम आहे. पोलिसांत कम्प्लेंट गेली की आईंचा व्हिसा खलास. त्यापेक्षा त्यांना स्वतःहून परत पाठवा." मी तिथीचं सांगितलं. आजारी पोरं सगळी एकाच वाढदिवसाचा क्रीम केक खाऊन आली होती, हेही सांगितलं. माझी लेक तिथे गेली नव्हती. ती रोज काकूंकडेच असते आणि ठणठणीत आहे. सगळ्यांनी ऐकलं, पण जागचं कुणी हललं नाही.

तेव्हा मला रत्नागिरीकडचं ते गाव दिसलं. तू तिथे नर्स आहेस, मी दुसरीत. गुरं मेली म्हणून गावाने एका विधवेला चेटकीण ठरवलंय. तू माझा हात धरून तिच्या पडवीत जातेस आणि म्हणतेस, "वहिनी, भूक लागलीय. काय असेल ते वाढा." मी हात सोडवायला बघते, तर तू डोळे वटारतेस, "गप बस आणि जेव." अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून सगळा गाव बघतोय.

मी काल तेच म्हणाले, "काकू, भूक लागलीय. काय असेल ते आणा." त्यांनी घावणे आणि नारळाची चटणी आणली. गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवून मी खाल्लं, लेकीला दिलं. "आजी, वन मोअर, प्लीज," ती म्हणाली आणि काकूंना हुंदका आवरेना. मग ज्या बाईने फोटो टाकला होता तिनेच हात पुढे केला. डबा रिकामा झाला, कम्प्लेंटचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आज दुपारी काकूंच्या दाराबाहेर पोरांच्या चपलांचा ढीग होता. आई, मला इतका आनंद झाला की मी लिफ्टमध्ये एकटीच हसत होते.

हे पत्र फोनमध्येच राहील, कुठे पाठवणार? पण एक कबूल करते. लेकीला देण्याआधी घावण्याचा पहिला तुकडा मी स्वतः खाल्ला आणि क्षणभर थांबले. खरंच काही असलं तर, असं माझ्याही मनात येऊन गेलं. त्या पडवीत तूही माझ्या ताटातला पहिला घास आधी तुझ्या तोंडात घातला होतास. इतकी वर्षं मला वाटायचं, तुला खूप भूक लागली होती.