पोटदुखी, मिस्टर ब्रेथवेट आणि कपाटाएवढं यंत्र

लीड्स, मार्च १९७३

प्रिय विल्फ्रेड,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी कंबर बरी असेल, लॉजवर गिऱ्हाईक असेल आणि तुझी ग्लॅडिस नेहमीसारखी माझ्या नावाने बोटं मोडत असेल, असं धरून चालते. मी जिवंत आहे. तुम्हा दोघांचं मत विचारात न घेता जिवंत आहे.

मागच्या महिन्यात पोटात कळ आली तेव्हा तू फोनवर म्हणालास की मला दर हिवाळ्यात काहीतरी होतंच. इस्पितळातही तेच. तिथले मोठे सर्जन मिस्टर ब्रेथवेट (चालतात असे, जणू इस्पितळ त्यांच्या वडिलांनी बांधलं) मला गेली कित्येक वर्षं ओळखतात, तेच नडलं. मी खाटेवर वाकडी झालेली, आणि हे पोटाला बोट लावण्याआधीच नर्सला सांगतात की या बाईंना वायूचा त्रास आहे आणि घरी बोलायला माणूस नाही. चहा पाजा, घरी पाठवा.

मी काही हलले नाही. म्हटलं, खाली ते पोटदुखीचं निदान करणारं कपाटाएवढं यंत्र बसवलंय ना, ते मला ओळखत नाही, त्याला विचारा. साहेब हसले. (ते हसले की आपण शाळेत नापास झाल्यासारखं वाटतं.) पण डॉक्टर बेलामी म्हणून एक तरुण बाई आहे, ती खुर्ची ओढून बसली. आधी कुठे दुखलं, आता कुठे, उलटी, भूक, सगळं विचारलं, पोट दाबून पाहिलं आणि यंत्राला कळवलं. विल्फ्रेड, नवरा गेल्यापासून मला इतके प्रश्न कुणी विचारले नव्हते. उत्तर आलं: अपेंडिक्स.

साहेब म्हणाले, "यंत्राने या बाईंना पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "म्हणूनच त्याला दिसलं."

मग मात्र त्यांनी पोटाला हात लावला, आणि हसू मावळलं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. (टाके सुरेख घातलेत माणसाने, खोटं कशाला बोलू.) तेव्हा ग्लॅडिसला सांग, मी कांगावखोर नाही, हे आता शास्त्राने सिद्ध झालंय. यापुढे माणसाच्या निदानावर मी विश्वास ठेवणार नाही.

तुझी,
एनिड

ता. क. काल पुन्हा पोटात दुखलं. हक्काने गेले आणि बेलामीबाईंना यंत्राला विचारायला लावलं. ते म्हणालं, विशेष काही नाही, घरी पाठवा. डॉक्टरांच्या संगतीने बिघडलं बिचारं.

आणखी एक. तिकडे स्कारबरोला नुसता हात लावून सांगणारा एखादा डॉक्टर तुझ्या ओळखीचा आहे का? म्हातारा असला तरी चालेल. फक्त माझ्याबद्दल त्याला आधी काही सांगू नकोस.