गॅरेजात चालतो, गवतात मरतो

११ मे

मेपलच्या झाडाशी पुन्हा बंद पडला! गवत कापायचा ट्रॅक्टर हा, लढाईचा रणगाडा नव्हे — एका खळग्यात आचका देतो आणि खलास. मी वर बसलेलो, आणि पलीकडच्या ओट्यावर शेजारी गॉर्डी कॉफी पीत बसलेला. इतकी वर्षं सहन केलाय या माणसाला. त्याचं अंगण बघा, भांग पाडल्यासारखं. नुसता कप उंच केला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

ढकलत आणला. धाप लागली. गॅरेजात ब्रेक लावून चावी फिरवली — पहिल्या झटक्यात चालू! मी बाजूला उभा, आणि तो मजेत गुरगुरतोय. शिव्या दिल्या. तरी बंद पडेना.

१२ मे

प्लग बदलला. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. हवेच्या गाळणीत खारीने अक्रोड साठवले होते — माझ्या बायकोचा, लॉर्नाचा, एक केक झाला असता. वाटलं, सापडला चोर. गॅरेजात झकास. मेपलशी — आचका, खलास.

लॉर्ना म्हणाली, जेवून घे. भूक कुणाला आहे?

१४ मे

आज सीटखालचं बटण. ब्रेक लावलेला नसताना माणूस सीटवरून उठला की या बटणामुळे इंजिन बंद होतं — कुणी पडला तर पात्यात सापडू नये म्हणून. सोय चांगली आहे. पण मी उठलोच नव्हतो ना! चांगला मांड ठोकून बसलो होतो.

तरी तपासलं. हाताने जोर लावून दाबलं, ठीक. म्हटलं, शंका नको, नवंच बसवू. बसवलं. दोन तास गेले, बोट सोललं.

मेपलशी मेला.

१७ मे

पात्याचा पट्टा सैल वाटत होता. मागवलेला नवा पट्टा दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा निघाला, माझ्या ट्रॅक्टरला दोन वेढे बसतील एवढा. परत पाठवला. ड्रिल हातात होतंच, म्हणून पँटच्या पट्ट्यालाही एक नवं भोक पाडून घेतलं. गेल्या महिन्यात पाडलेलं पुरेना.

लॉर्ना दारात उभी होती. तिने ते भोक पाहिलं. मग तेच! डॉक्टरकडे जा, मार्चपासून सांगतेय, कपडे बघ कसे लोंबतायत. म्हटलं, लोक पैसे देऊन बारीक होतात, मी फुकटात झालो. हसली नाही. डोळे पुसत आत गेली.

मग मलाच कसंतरी झालं. आत जाऊन शब्द दिला — ट्रॅक्टर दुरुस्त झाला की डॉक्टरकडे जाईन. आधी नाही. एका वेळी एकच बिघाड!

१९ मे

कार्बोरेटर खोलला. जोडला. एक स्प्रिंग उरली. ती कुठली, देवाला ठाऊक. तिच्यावाचूनही गॅरेजात चालतो.

२२ मे

चमत्कार! कोपऱ्यातल्या गुलाबांना खत टाकायचं होतं. हातगाडी पंक्चर, म्हणून पोतं मांडीवर घेऊन ट्रॅक्टरवरून निघालो. मेपल आलं. खळगा आला. दणका बसला — आणि इंजिन चालूच! थेट गुलाबांपर्यंत! पोतं तिथे उतरवलं, परत फिरलो. मेपलशी मेला.

याचा अर्थ काय? मी तासभर विचार केला. ट्रॅक्टरला खताचा वास आवडतो, एवढंच सुचलं.

पोतं मात्र भलतंच जड. पूर्वी एका हाताने उचलायचो. हल्ली भरणारे जास्त भरत असावेत.

२३ मे

ठरलं. पोतं मांडीवर घेऊनच गवत कापायचं. अर्धं अंगण झालंसुद्धा! गॉर्डी कुंपणाशी येऊन विचारतो, बाळ कुणावर गेलंय? आईवर, म्हटलं. तेवढ्यात पोतं फाटलं. मांडीत खत, बुटात खत, आणि ट्रॅक्टर — खलास. गॉर्डीला हसून हसून कुंपण धरावं लागलं.

अर्धं अंगण कापलेलं, अर्धं गुडघाभर. न्हाव्याच्या खुर्चीतून पळून आल्यासारखं दिसतंय.

२५ मे

सुट्टी. लॉर्नाने सॉसेज भाजले. मी अर्धं खाल्लं, उरलेलं कुत्र्याला. कुत्रा चांगला गुटगुटीत झालाय.

२७ मे

गावाच्या कचेरीतून चिठ्ठी. गवत कापा, नाहीतर आम्ही कापू. गॉर्डी म्हणाला, मी कापून देतो ना, माझ्या मशीनने. माझ्या अंगणात त्याचं मशीन? मी मेल्यावर! लॉर्नाला सांगितलं तसं. ती भांडी घासत होती. हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणाली, असं बोलू नकोस.



२९ मे

शुक्रवार. दोन्ही घरं मिळून क्लबात मासे खायला गेलो होतो. गॉर्डीने माझ्या ताटातले पण संपवले. परत आल्यावर म्हणतो, अजून उजेड आहे, मला एकदा बसू दे तुझ्या त्या खटाऱ्यावर. तुझ्याच मशीनने कापतो, मग तर झालं?

बसला. केवढा थोरला माणूस! सीट करकरली. गेला मेपलकडे. मी मनात म्हणतोय, पड बंद, पड बंद. खळगा आला — गेला! दुसरी फेरी, तिसरी फेरी, वर शीळ घालतोय. सगळं अंगण कापून मोकळा. मला इतका राग आला की बघवेना.

मग ब्रेक लावून, इंजिन चालूच ठेवून तो उतरला. आता टोमणे सुरू होणार म्हणून मी तयारीतच होतो. पण त्याने सीट तळव्याने दाबून बघितली. मला म्हणाला, तू बस, ब्रेक सोड. बसलो. तो खाली वाकून सीटखाली बघत राहिला, एकदा सीट हलवली तशी इंजिनाने आचका दिला. उठून माझ्याकडे बघितलं. टोपी काढली.

"आर्लन, यात काही बिघाड नाही रे. धक्का बसला की त्याला वाटतं, वर कुणी बसलेलंच नाही."

माझ्या खांद्यावर हात ठेवला त्याने. तो हात किती जड लागला! लॉर्ना पायरीवर होती. तिने ऐकलं.

भीती वाटतेय. लिहून टाकलं.

१ जून

ट्रॅक्टर दुरुस्त आहे. शब्द दिला होता. लॉर्नाने फोन हातात घेतलाय. तिला म्हटलं, जी सगळ्यात आधीची वेळ असेल ती माग.