पेटीची दुरुस्ती आणि आखाड्यावरची कमाई

१ जुलै, मंगळवार
आज आले: तूरडाळ दोन किलो, २४०. खोबरेल, १४०. उदबत्ती, २०. कंपनीचा टीडीएसचा कागद, फुकट; पण जिवाला लागला तोच. हिवाळ्यात तीन महिने एका अ‍ॅपसाठी पेरणी-फवारणीचे सल्ले माझ्या आवाजात रेकॉर्ड करून दिले. ४८,००० ठरले होते. त्यातले ४,८०० आधीच कापून सरकारात भरलेत. रिटर्न भरले की माघारी मिळतात. ते पैसे देवीचे. भजनी मंडळाची पेटी दुरुस्त करायची.

३ जुलै
मंडळात जाहीर करून टाकले, घटस्थापनेला पेटी वाजणार. दगडाबाई मंडळाच्या मुख्य. म्हणाल्या, पैसे हातात तर येऊ दे. मनाला लावून घेतले नाही.

८ जुलै, दुपार
परभणीतले टॅक्सवाले चंद्रभान पाचशे मागायलेत. मॅट्रिकला गणितात ७१ मार्क असलेल्या बाईने पाचशे का द्यावेत? स्वतः भरणार. घरी हे नुसते "भर" म्हणाले. सूर आवडला नाही.

१४ जुलै
कमाई कोणत्या खान्यात लिहावी? पगार म्हणावा तर साहेब नव्हता. व्यवसाय म्हणावा तर मी घरंदाज बाई. शेवटी "शेतीचे उत्पन्न" दिसले आणि जीव भांड्यात पडला. घरी टीव्ही-मिक्सरचा कालवा, म्हणून सगळे रेकॉर्डिंग आखाड्यावर, शेतातल्या खोलीत बसून केले. विषय बोंडअळी. ऐकणारे शेतकरी. मग शेतीच झाली की. आणि शेतीला टॅक्स नसतो, हे पेडगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
लेक सृष्टी बी.कॉम.ला आहे. म्हणाली, "आई, ते बोलल्याचे पैसे हायत, कापसाचे न्हाईत." कॉलेजात आखाडा शिकवत नसावेत.

१५ जुलै
भरले. आधी देवीला कुंकू, मग फोनला. (काचेवर डाग पडला.) पाचशे वाचले. त्यातले ५१ आरतीत टाकावेत. रात्री विचार करून ११ केले.

१८ ऑगस्ट
रिफंड नाही. सरकारला नावे ठेवू नयेत, मोठा कारभार असतो. पूर्णेच्या पेटीवाल्याने ४,५०० सांगितले. दगडाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी ताठ मानेने पेटी त्याच्या हवाली केली.

२ सप्टेंबर
मेल आला. रिटर्न सदोष म्हणे. टीडीएस माघारी मागता, पण तो ज्या कमाईवर कापला ती त्या खान्यात दाखवलेली नाही; पंधरा दिवसांत दुरुस्त करा. गैरसमज आहे. त्यांनी आमचा आखाडा पाहिलेला नाही.

४ सप्टेंबर
सहज परभणीला गेले होते, म्हणून चंद्रभानांकडे डोकावले. त्यांनी सगळे वाचले, माझ्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाले, "काकू, सरळ धंद्याच्या खान्यात लिवलं असतं तरी तुमाला रुपयाचा टॅक्स बसत नव्हता. तुमची कमाई तेवढी न्हाईच."
बाकी सगळे ऐकून घेतले असते. हे शेवटचे बोलायची काही गरज नव्हती.
दुरुस्तीचे आठशे म्हणाले. विचार करते म्हटले. चहा चांगला होता.

१० सप्टेंबर
पितृपक्ष चालू. या दिवसांत नवे काम हाती घेत नाहीत. सृष्टी म्हणते हे नवे नाही, जुनेच बिघडलेले आहे. आणि मीच करून देते, फुकट. आईने लेकीकडून रिटर्न भरून घ्यावे, एवढी वेळ आलेली नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
मुदत गेली. पेटी पूर्णेलाच. भजन नुसत्या टाळांवर झाले. मला वाटले दगडाबाई चार बायांत बोलतील. बोलल्या नाहीत. आपल्या हातातले टाळ माझ्या हातात दिले आणि शेजारी सरकून जागा केली. ते जास्त लागले.
घरी येऊन आयकर कार्यालयाला पत्र लिहिले. नक्कल येथे ठेवते:
"साहेब, सोबत सातबारा जोडला आहे. रेकॉर्डिंग याच गटात झाले. खात्री नसल्यास प्रत्यक्ष येऊन पाहावे. पेडगावला एसटी थांबते, उपवासाचे चालत असल्यास जेवणाची सोय होईल. नवरात्र नऊच दिवसांचे आहे. तरी काय ठरले ते उलट टपाली कळवावे."