बारावा क्रेट

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मंगळवारी बोल्टांचे बारा क्रेट आले, भट्टीत अकराच गेले. भट्टीवरच्या जगनने आज सकाळी सांगितलं, रजिस्टर माझ्यासमोर उघडून. आणि रॅकवर बाराही क्रेटना हिरवं कार्ड, म्हणजे भाजून झालेला माल!

"बारावा मावला नाय मॅडम. पिवलं कार्ड लावून बाजूला ठेवला व्हता. दुसऱ्या घाण्यात घालनार व्हतो."

मग का नाही घातला? तर खंडेनवमीच्या पूजेची साफसफाई सुरू झाली. "भट्टीला हार घातला, कुंकू लावलं, सगल्यांनी फोटो काढले. पेटवली कोनी नाय."

या बोल्टांवर जस्त चढलं की चार तासांच्या आत ते भट्टीत जायला हवेत. नाहीतर आतून ठिसूळ होतात. दिसायला मात्र तसेच चकचकीत. भाजलेला आणि कच्चा शेजारी ठेवला तर मीही ओळखणार नाही, बावीस वर्षं हा माल सांभाळतेय तरी. कार्ड काय ते सांगतं. आणि कच्चा बोल्ट लगेच तुटत नाही. आवळल्यावर दिवसाने, दोन दिवसांनी तुटतो. हे बोल्ट बसच्या स्टिअरिंगला बसतात.

कार्डांवरचं अक्षर माझ्या हाताखालच्या रंजिताचं.

त्याच दिवशी, चहानंतर

कुंदन साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "कार्ड किसने बदला?"

"मी, सर," रंजिता म्हणाली. बस, एवढंच.

मी शेजारी उभी होते. मंगळवारी तिला मीच म्हटलं होतं — ती तेलकट कार्डं काढ, सगळ्यांना नवी लाव, पूजेला जरा नीट दिसू दे. नवा गठ्ठा माझ्या खणातून मीच काढून दिला. खणात हिरवीच कार्डं होती. मी बघितलंच नाही. तिने विचारलंही होतं, "सगळी हिरवीच का मॅडम?" मी रांगोळीचं बघत होते. "हो हो, लाव," म्हटलं.

हे सगळं मला तिथं उभं असताना आठवलं. मी फाइल चाळत राहिले.

तीन वर्षं कंत्राटावर आहे ती. पंधरा तारखेला कायम व्हायची आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

मी म्हटलं, बाराही क्रेट भंगारात काढू. साहेब म्हणाले, "मॅडम, एका क्रेटसाठी बारा? वर काय सांगू मी?" त्यापेक्षा तपासणी करू. प्रत्येक क्रेटमधले पाच बोल्ट पोलादी ठोकळ्यात आवळून ठेवायचे, अठ्ठेचाळीस तास. "ज्याचा बोल्ट तुटला तो क्रेट कच्चा. सिंपल."

दुपारी बाराला जगनने शेवटचा बोल्ट आवळला. आता सोमवारी बारापर्यंत वाट बघायची.

जाता जाता साहेब म्हणाले, "रंजिताचं कायम व्हायचं नंतर बघू." पावसाचं बोलावं तसं सहज. मी सांगणारच होते, पण त्यांचा फोन वाजला.

फोन संपेपर्यंत थांबता आलं असतं.

५ ऑक्टोबर, रविवार

वॉचमन बुधाजीला सकाळपासून तीन फोन केले. तिसऱ्याला म्हणाला, "मॅडम, ठोकला हाय तितंच. पलाला नाय."

अंकिता म्हणाली, "आई, आमटीत मीठ दोनदा घातलंस." मुलीला काही सांगितलं नाही. करंजाड्याच्या बाजारात गेले आणि पिशवी भाजीवालीकडेच विसरून आले.

६ ऑक्टोबर, सोमवार

बारा वाजले. एकही तुटला नाही. साठच्या साठ बोल्ट शाबूत.

"देखा? खाली-पीली टेन्शन. जगनने बारावाही भाजला असेल, लिहायचा राहिला," साहेब म्हणाले. जगन म्हणाला, "नाय साहेब." कोणी ऐकलं नाही. उद्याची गाडी सांगून साहेब जेवायला गेले. मलाही हलकं वाटलं. आता कोणी काही विचारणार नाही, हेच पहिलं मनात आलं. खोटं कशाला लिहू!

रंजिता जेवायला गेली नव्हती. भिंग घेऊन ठोकळ्यापाशी वाकली होती.

"मॅडम, जरा बघा."

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर तो ज्या महिन्यात घडवला त्याचं बारीक अक्षर असतं. अकरा क्रेटच्या बोल्टांवर सप्टेंबरचं. सातव्या क्रेटच्या पाचही बोल्टांवर ऑगस्टचं. तो जुना माल, कधीच भाजून झालेला.

"हा आपल्या बारातला नाहीच," ती म्हणाली. "ऑगस्टचा माल मंगळवारी संध्याकाळी गोदामात गेला ना? आठ क्रेट. साफसफाईत अदलाबदल झाली. ह्याच्या जागी आपला कच्चा गेला असणार."

"अगं, सगळं मिटलं होतं. तुझं पंधरा तारखेचं..."

"मिटलं कुठे मॅडम? एक तरी तुटायला हवा होता."

तिच्या हातातून भिंग घेतलं. पुन्हा पाहिलं. ऑगस्टच.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ

द्रोणागिरीच्या गोदामातून फोनवर कळलं — आठही क्रेट तिथेच आहेत, अजून उघडलेले नाहीत. उद्या दहाला कंटेनरमध्ये भरणार. साहेबांना ऑगस्टचं अक्षर दाखवलं, त्यांनी गाडी दिली आहे. सकाळी सातला मी आणि रंजिता निघू.

माल परत मागवायचा फॉर्म भरला. चूक कोणाची, या रकान्यात माझं नाव लिहिलं. खणातली कार्डं, तिचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं लिहिलं. फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. ते नऊला येतात, आणि आल्याबरोबर वाचतात.