माझ्या जागेवर सलोनी

२ फेब्रुवारी

एकही गोल खाल्ला नाही तिने. एकही!

मी इथे मालवणात, ओटीवर. डावा हात गळ्यात बांधलेला, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवलेला. आणि तिथे गोव्यात, माझ्या दोन खांबांमध्ये, सलोनी. शिट्टी झाली तशा सगळ्या पोरी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडल्या. मागच्या वर्षी अशाच माझ्या गळ्यात पडल्या होत्या.

माझा खांदा निखळला तो सरावात. मॅचमध्ये, गोल वाचवताना वगैरे नाही — साध्या उंच बॉलला उडी मारली, पाय घसरला, खांद्यावर आपटले. डॉक्टर म्हणाले अडीच महिने. लीग मार्चमध्ये संपते. म्हणजे यंदाचं संपलंच.

आये बाजारातून आली. मासळीची पाटी खाली ठेवली न ठेवली तोच — "जिकलां काय गो तुमचां?"

जिंकलं म्हटलं.

"मगे तोंड कित्याक असां?"

काय सांगू!

४ फेब्रुवारी

तिला क्लबात आणलं कोणी? मीच! कुडाळला मुलींच्या फुटबॉल स्पर्धेत बघितली होती. दोडामार्गची, काजूच्या बागेत वाढलेली काटकुळी पोर. लांब हात, आणि समोरचीच्या पायात बिनधास्त झेप घ्यायची. मीच आमच्या कोच मॅडमना म्हटलं, हिला घ्या. केवढा मोठेपणा वाटला होता तेव्हा! झेप घेतल्यावर हात कुठे असावेत, बॉल छातीशी कसा ओढावा — सगळं मी शिकवलं. ‘ताई, ताई’ करत मागे फिरायची.

फिरायची तोवर आवडायची. खरं तेच.

९ फेब्रुवारी

परत जिंकले. तिने दोन अडवले. पहिला बरा होता. दुसरा सरळ अंगावर आलेला, तरी झेप घेतली. कॅमेऱ्यासाठी.

१२ फेब्रुवारी

खांद्याच्या व्यायामासाठी कुडाळला गेले होते. स्टँडबाहेर बॅनर! एसटीच्या लांबीचा. ‘सिंधुदुर्गची वाघीण — कु. सलोनी हिचे हार्दिक अभिनंदन’. खाली कोणाकोणाचे पासपोर्ट फोटो, गॉगल घातलेले.

मी चार वर्षं त्या क्लबाची पहिली कीपर. माझा बॅनर कुठे लागला? मालवणात नाही, कुडाळात नाही, आमच्या दांडीच्या किनाऱ्यावरसुद्धा नाही.

फिजिओ बाई हात वर उचलायला लावत म्हणतात, "तुमच्या टीममधली ती सलोनी — ओळखता का तुम्ही?"

ओळखते म्हटलं. हात फार दुखत होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांना वाटलं असेल.

१४ फेब्रुवारी

मॅडमचा फोन नाही. सलोनीचा मेसेज मात्र रोज — ‘ताई, खांदो कसो आसा?’ उत्तर दिलं नाही.

१७ फेब्रुवारी

आज सलोनी आली. न कळवता!

सुट्टी होती म्हणून दोडामार्गला घरी गेली होती, आणि सकाळीच निघून एसट्या बदलत इथे. दारात उभी, हातात पिशवी. "ताई, बाबांनी ओले काजूगर दिल्यानी."

आये तर हरखलीच. "ये गो चेडवा, बस. मोबायलात बघलंय तुका!" सुरमईची मधली तुकडी तिच्या ताटात. शेपटीकडची माझ्या. बाबा होडीवरून आले, तेही तिच्याशीच बोलत बसले. मी माझ्या घरात पाहुणी!

जेवल्यावर दोघी किनाऱ्यावर गेलो. तिथे ती म्हणाली, "ताई, माका रात्री झोप येणा नाय. सगळी वाघीण म्हणतत. एक गोल चुकलंय तर तीच माणसां काय म्हणतली?"

तेव्हा काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मला बरं वाटत होतं — तिला झोप येत नाही म्हणून!

मग तिने विचारलं, "ह्या आयतवारी सेमीफायनल. फ्लाविया पेनल्टी खंय मारता गो?"

फ्लाविया वेंगुर्ल्याची. समोरच्या टीमची स्ट्रायकर. तीन वर्षं मी तिच्यासमोर उभी राहिलेय. पेनल्टी ती एकाच बाजूला मारते — कीपरच्या डाव्या हाताला, खाली, खांबाला चिकटून. आमच्या मॅच मोबाईलवर दिसायला लागल्या त्या यंदापासून, आणि यंदा तिला पेनल्टी मिळालेलीच नाही. त्याआधीचं सगळं माझ्या डोक्यात.

"उजवीकडे," मी म्हटलं. "तुझ्या उजव्या हाताला. नेहमी."

"नक्की मा?"

"नक्की. विचार करायचा नाही, सरळ झेप घ्यायची."

तिने माझा चांगला हात घट्ट धरला. "तू आसंस म्हणान बरां."

स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून बोलत होती. ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं. नाही सांगितलं.

१९ फेब्रुवारी

पेनल्टी मिळायला तर हवी! दर मॅचला थोडीच मिळते. नाही मिळाली तर मी काहीच केलं नाही असंच होईल ना?

२१ फेब्रुवारी

फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं. तेवढ्यात शेजारची सत्यवतीकाकी आली — "गो, आयतवारी आमी सगळी तुमच्याकडेच येतंव हां, सलोनीची मॅच बघूक!"

सलोनीची मॅच. क्लबाची नाही. फोन ठेवून दिला.

आणि मग मनात आलं ते लिहायलाही लाज वाटते. मिळू दे, म्हटलं. पेनल्टी मिळू दे.

२३ फेब्रुवारी

ओटीवर अर्धी वाडी. आम्ही एक-शून्यने पुढे. सगळं सुरळीत चाललं होतं आणि शेवटच्या काही मिनिटांत आमच्या पोरीच्या हाताला बॉल लागला. पेनल्टी!

फ्लावियाने बॉल ठेवला. सत्यवतीकाकीने डोळ्यांवर पदर घेतला. आयेने माझा गुडघा दाबून धरला. मी मोबाईलकडे बघत होते आणि मला सगळं आधीच दिसत होतं — सलोनी उजवीकडे, बॉल डावीकडे, आणि मग तिचं ते जमिनीत खुपसलेलं तोंड. तेव्हा, फक्त तेव्हाच, मी ओरडले — "डावीकडे गो! डावीकडे!"

मोबाईलला काय ऐकू जातंय!

सलोनीने उजवीकडे झेप घेतली.

आणि फ्लावियाने उजवीकडे मारला!

तिच्या दोन्ही पंजांवर आदळला बॉल. बाहेर! ओटीवर नुसता धिंगाणा. आये नाचली. खरंच नाचली, पदर खोचून! मी बसूनच.

मॅच संपल्यावर सलोनीच्या तोंडासमोर माईक धरला. घामाने निथळत होती, हसत होती, रडत होती. ऑफिसातल्यासारखं शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न — "पेनल्टी उजवीकडे येणार हे मला आमच्या पूजाताईने सांगितलं होतं. ती मालवणला आहे. हे तिचं आहे, माझं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आयेने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या हातांना मासळीचा वास होता. मला कुठे पळून जाऊ असं झालं.

२४ फेब्रुवारी

मोबाईल वाजायचा थांबत नाही. आये बाजारात गिऱ्हाइकांना सांगत सुटलीय — "माझ्या चेडवान सांगल्यान म्हणान अडावला!" बाबा नुसते पाठीवर थोपटून गेले. बाबा कधी थोपटत नाहीत.

चार वर्षं जे हवं होतं ते सगळं मिळालं. असं.

२७ फेब्रुवारी

मॅडमचा फोन आला. शेवटी!

"फायनलला सलोनीच. पुढच्या वर्षीही पहिली कीपर कोण, ते सरावात ठरेल. तुला हे सरळ सांगते, कारण तू सरळ आहेस. दुसरी कोणी असती तर मी लपवलं असतं."

मी हो म्हटलं. हो, मॅडम. हो.

गंमत म्हणजे जागा जातेय याचं दुःख झालंच नाही. ‘तू सरळ आहेस’ — तेवढंच कानात राहिलं, आणि जेवण गेलं नाही.

१ मार्च

राहवलं नाही. फ्लावियाला फोन लावला. खांद्याचं विचारलं तिने, मी तिच्या आईचं विचारलं. मग म्हटलं, "तू तर कायम डावीकडे मारतंस. त्या दिवशी काय झालां?"

ती हसत सुटली.

"तुझ्यामुळेच गो! सलोनी चेडू तुझां. तू तेका खरां सांगलेलां असतलंस, ह्यां माका म्हायत नाय काय? म्हणान आयत्या वेळार फिरवलंय. पण तू माझ्या फुडे गेलंस! मी फिरवतलंय तां पण वळखलंस!"

मी काय बोलले आठवत नाही. हसले असेन.

तिची पेनल्टी चुकली कारण तिला वाटलं, पूजा आपल्या पोरीला फसवणार नाही. सलोनीने झेप घेतली ती त्याच भरवशावर. मी फसवू शकते हे ठाऊक असलेली एकच होती. आणि ती इथे ओटीवर बसली होती.

२ मार्च

सलोनीला फोन केला. सगळं सांगितलं. काजूगर घेऊन आली त्या दिवशीचं, बॅनरचं, मनात मागितलेल्या पेनल्टीचंही.

मला वाटलं, आता कट करणार.

मग म्हणाली, "फायनलीक समोर ती दहा नंबर आसा. ती खंय मारता?"

मी सांगितलं.

"आता ह्यां खरां मा?"

"खरं."

मग — "तरीपण तू ये. माझ्या गोलाच्या मागे उभी रव. माका दिसाक होयी तू."

उद्या सकाळच्या एसटीने निघतेय.