साकोलीच्या रस्त्यावरचं रिलीफ

३ जानेवारी

दिवाकर गाडीत बसायला तयार नाही. भाऊबीजेपासून हेच. त्या दिवशी राजनांदगावच्या पुढे गाडी बंद पडली आणि आम्ही संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या कडेला – तो, मी आणि मागच्या सीटवर अनारशांचा डबा. तिकडे साकोलीला त्याची बहीण ताट लावून बसलेली. शेवटी भाड्याच्या जीपने घरी परत.

सगळी नोकरी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गेली त्याची. जे रुळावर चालत नाही ते त्याच्या मते चालतच नाही. पण साकोलीला इथून, रायपूरहून, थेट रेल्वे नाही, आणि गुडघ्यामुळे त्याला स्टेशनचा पूल चढवत नाही. म्हणजे माझी जुनी कार, नाहीतर काहीच नाही.

४ जानेवारी

वनमालाताईंचा फोन. माझ्या नणंद. एकट्या राहतात, पंचाहत्तरी उलटली. दिवाकर म्हणाला, संक्रांतीनंतर पाहू. त्या म्हणाल्या, "पाहूनच राहिला तू. मी असली तर पाहशीन."

रात्री त्याने दुसरी पोळी घेतली नाही.

५ जानेवारी

अट घातली आहे. गाडी बंद पडणारच असं धरून चालायचं. "बंद पडल्यावर कोन येते, थे सांग. मग बसतो." रेल्वेत अपघात झाला की रिलीफ ट्रेन निघते. कुठून निघेल, किती वेळात पोचेल, हे अपघाताच्या आधीच ठरलेलं असतं. तसं रस्त्यावर दाखव, म्हणाला.

दाखवते!

७ जानेवारी

गाडी बंद पडली की मदत पाठवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. वर्षाचे पैसे भरायचे, फोन करायचा, टोचन गाडी येते. हे इतकं सोपं असेल असं वाटलं होतं.

शोरूमची योजना – गाडी दहा वर्षांच्या आतली हवी. माझी अकरा वर्षांची. तिथली मुलगी मोठ्या सहानुभूतीने म्हणाली, नई ले लीजिए न आंटी.

विम्याबरोबर मिळणारी योजना – जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी नेतील. माणसांचं काय? माणसांबद्दल एक शब्द नाही. गाडी गॅरेजात आणि आम्ही झाडाखाली.

९ जानेवारी

सगळ्यात स्वस्त कंपनी सापडली. फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "रायपुर, देहरादून वाला?"

छत्तीसगडची राजधानी होऊन इतकी वर्षं झाली आमच्या रायपूरला! फोन ठेवला.

११ जानेवारी

आज दिवाकरने माझ्या हातातून फोन घेतला. खुर्ची खिडकीकडे ओढली, चष्मा लावला. कंट्रोलमधला आवाज – मी तो निवृत्तीनंतर ऐकला नव्हता.

"आपका रिलीफ कहाँ से चलता है?"

पलीकडून सांगितलं, सर, हमारा नेटवर्क पैन इंडिया है.

"पैन इंडिया नहीं. देवरी बताओ."

फोन कट. देवरी म्हणजे साकोलीच्या वाटेवर, महाराष्ट्रात शिरल्यावरचं गाव.

"यायले देवरी मालूम नाही आणि निघाले भारत सांभाळाले," म्हणाला. पण चेहऱ्यावर रंग आला होता. संध्याकाळी आमच्या समता कॉलोनीला पूर्ण चक्कर मारून आला. गुडघ्यासकट.

१३ जानेवारी

त्यानेच एक शोधली. नागपूरची कंपनी, दर बरा, फोनवर माणूस मराठी बोलणारा. 'संपूर्ण नागपूर विभाग.' दिवाकर खूश. दुर्गच्या पुढे रेल्वेचं सगळं नागपूर डिव्हिजनच आहे, म्हणाला, म्हणजे आपला सगळा धोक्याचा रस्ता आला. पैसे भरून टाक.

मी अटी वाचायला घेतल्या. कॉलेजात आयुष्यभर कविता शिकवल्या. एका ओळीत काय लिहिलं नाही तेही वाचायची सवय आहे. अकराव्या अटीत सापडलं – महाराष्ट्राच्या हद्दीत. त्यांचा विभाग देवरीच्या अलीकडे, सीमेवर संपतो. दिवाकरचा दुर्गला. भाऊबीजेला आम्ही बंद पडलो ती जागा रेल्वेच्या नकाशात नागपुरात असेल, त्यांच्या नकाशात ती नाही.

दाखवलं. चष्मा लावून त्याने ती अट दोनदा वाचली.

"डिव्हिजन म्हणजे डिव्हिजन असते," पुटपुटला. मग: "बरं झालं तू वाचलं." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

१६ जानेवारी

सापडली!

दोन्ही राज्यांत चालते. गाडीच्या वयाची अट नाही, फक्त त्यांचा माणूस येऊन तपासून जातो. टोचन गाडी एक राजनांदगावला, एक देवरीला. आणि मुख्य म्हणजे – गाडी दुरुस्त होईना तर टॅक्सी करून आपल्याला जायचं तिथे पोचवतात. गॅरेजपर्यंत नाही, जायचं तिथे. हे वाक्य तीनदा वाचलं. पळवाट नाही. चांगलं वाक्य आहे.

सगळ्यात स्वस्त नाही. पण वर्षाच्या दोन साड्या कमी केल्या की जमते, आणि साड्या मला कुठे नेसायच्या आहेत?

१८ जानेवारी

गाडी तपासली. पैसे भरले.

दिवाकरने देवरीच्या टोचनवाल्याचा नंबर मिळवला आहे. भैय्यालाल नाव. सकाळी फोन केला, दुपारी केला. कशाला, विचारलं तर म्हणे, पाळी बदलल्यावर पण उचलते का पाहून राहिलो.

२१ जानेवारी

बॅग भरली त्याने. स्वतः. मी काही बोलले असते तर रिकामी केली असती.

२४ जानेवारी

साकोलीहून लिहिते आहे. क्रमाने लिहिते.

राजनांदगाव गेलं. भाऊबीजेची जागा गेली. दोघांनीही त्या बाजूला पाहिलं नाही. सीमा ओलांडली. देवरी येणार तेवढ्यात बोनेटमधून वाफ, आणि गाडी थांबली.

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. वाटलं, संपलं सगळं.

शेजारी दिवाकरने घड्याळ पाहिलं. शांतपणे फोन लावला, शेवटचा किलोमीटरचा दगड सांगितला, गाडीचं तोंड कुठे आहे ते सांगितलं. मग खाली उतरून काठी टेकत उभा राहिला – गाडीची वाट पाहणारा नाही, गाडी सोडणारा वाटत होता.

कंपनीने सांगितलेल्या वेळेच्या आत टोचन गाडी आली. भैय्यालाल उतरला, दिवाकरकडे पाहिलं. "रोज फोन करने वाले साहब आप ही हैं क्या?"

"हव," दिवाकर म्हणाला. इतका ताठ मी त्याला निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता.

गाडी देवरीच्या गॅरेजात. आम्ही टॅक्सीत. दुपारच्या जेवणाला साकोली.

वनमालाताईंनी दारातच थांबवलं. आत जाऊन ताट आणलं, निरांजन लावलं, भावाला ओवाळलं. मी म्हटलं, ताई, जानेवारी आहे. त्या म्हणाल्या, "तिथीले काय करू? भाऊ आज आला."

२५ जानेवारी

दिवाकर ओटीवर बसून येईल त्याला कालची हकीकत सांगतो आहे. आता त्यात मी बोनेट उघडते आणि तो भैय्यालालला दिशा देतो. चालू दे. अकरावी अटही सांगतो, आणि ती बायकोने वाचली हेही.

वनमालाताई सगळं ऐकतात. मध्येच विचारलं त्यांनी, थे टॅक्सीत किती मानसं नेतेत? चार, मी म्हटलं. कशासाठी विचारलं, ते सांगितलं नाही.

२७ जानेवारी

गाडी दुरुस्त होऊन आली. निघताना वनमालाताईंनी शेजारच्या प्रेमलाबाईंना घराची किल्ली दिली. भाडेकरू पाहून ठेव, म्हणाल्या. मग पुढच्या सीटवर बसल्या. मागे दिवाकर – त्यांच्या शिलाई मशीनला धरून.