मिठाचं पोतं

९ एप्रिल
फुलचूरला आले! खोली हवेशीर, शेजारणी गप्पिष्ट. हिरालालजींच्या राईस मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजवतात; त्या आंबलेल्या पाण्याच्या वासाने पहिल्याच दिवशी जेवण नको झालं. तो वास घालवायला मी आले आहे. बंदराच्या तेलकट पाण्यात तगलेले जीवाणू बाटल्यांतून आणलेत. चिवट कार्टी! त्यांना मीठ लागतं, म्हणून त्या सांडपाण्याच्या टाकीत पोतंभर ओतलं. पुढे दहापट गोडं पाणी मिसळलं की ती मरतात. धोका शून्य. सुट्टी लागली की स्वप्निल अंजूला घेऊन येईल. सहा वर्षांच्या लेकीला सोडून राहायचं जिवावर आलंय.

१७ एप्रिल
वास गेला, पाणी नितळ झालं. मी फुशारकीने कामगारांना सांगितलं, बिनधास्त वापरा. धान वाळवणारी शामकला रोज डब्यातली बासी देते: रात्रभर पाण्यात भिजलेला भात, मीठ, कांदा. या उन्हात दुसरं काही नकोच.

२३ एप्रिल
शामकला हल्ली बासीत मूठभर मीठ घालते. मी टोकलं तर हसली. मग मलाही अळणी लागलं. आणखी घातलं.

२५ एप्रिल
आज विचारलं, भात कुठल्या पाण्यात भिजवतेस? म्हणाली, "टाकीच्या. तुमीच त सांगतलं मॅडम, पानी साफ हाये. आता काऊन भेवून राहिल्या?"
भात, पाणी, मीठ. आठवडाभर आम्ही दोघी माझीच टाकी खात होतो.

२८ एप्रिल
माझी लाळ तपासली. आहेत. गोड्या पाण्यात तीन दिवस ठेवली, तरी जिवंत. शिकली कार्टी.
दुपारी कोठीत शामकलाचा नवरा मंगरू घामेजून पडला होता. ती त्याची पाठ चाटत होती. तो जागा होता. हसत होता.

३० एप्रिल
टाकीत ब्लीचिंग टाकायला निघाले. भानावर आले तेव्हा मिठाच्या पोत्यापाशी बसलेली, तोंड भरलेलं.
स्वप्निलला फोन केला, येऊ नका. कारण सांगवेना. तो म्हणाला, अंजूने बॅग भरलीय.

२ मे
आलेच. मी आतून कडी लावलीय. अंजू बाहेर रडतेय, आई, आई —
उघडणार नाही.

एकदाच. लांबूनच बघेन —

पापी घेतली फक्त. गाल ओला. खारट.
आणखी एक —